मीटर पुढे कोण फिरवतो?

तुम्ही माझ्या मामाला चोर ठरवलंत. बाजूला घेऊन विचारलं नाहीत, कागद दाखवला नाहीत. भरल्या हॉलमध्ये माइक हातात घेऊन जाहीर केलंत, "सात नंबरची गाडी बाद. फाइलमध्ये फेरफार आढळला आहे." आणि लगेच, त्याच आवाजात, "बाहेर चहा ठेवला आहे, सर्वांनी लाभ घ्यावा."

आम्ही चहा घेतला नाही. मामीने घेतला, पण रागाने घेतला असं ती म्हणते.

त्यानंतर मी तुमच्या समितीला पत्र पाठवलं. तुमचं उत्तर दोन ओळींचं. 'समितीचा निर्णय अंतिम आहे. जुन्या खेळांवरील आपल्या प्रेमाबद्दल आभार.' मला जुन्या खेळांवर काडीचं प्रेम नाही. माझं प्रेम मामावर आहे, आणि तेही रोज असतं असं नाही. पण तो चोर नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते, आणि तुमच्याखेरीज इतरांनाही वाचता येईल असं लिहिते. तुम्ही पत्र दडपाल, गोष्ट कशी दडपाल?

मामा मोटार मेकॅनिक आहे, चाळीस वर्षं. आमच्या गॅरेजच्या पुढच्या अर्ध्या भागात मी बसते आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवते. मागच्या अर्ध्या भागात मामा असतो. म्हणजे त्याचे पाय असतात, बाकीचा मामा कायम कुठल्यातरी गाडीखाली. गिऱ्हाईक येतं, पायांशी बोलतं, पाय उत्तर देतात. असा माणूस चाळीस वर्षं लोखंडाखाली झोपला आणि त्याला ओरखडा आला नाही. घरातला बल्ब बदलताना मात्र स्टुलावरून पडला. पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

खाटेवर पडलेला मेकॅनिक म्हणजे काय असतं ते मामीला विचारा. मिक्सर लावला की आतून आवाज, "बेअरिंग गेलंय." पंखा लावला की, "बुश बदलायला हवा." खालून शेजाऱ्याची स्कूटर गेली की, "चेन सैल आहे, ओरडून सांग त्याला." पाचव्या दिवशी मामीला शिंक आली, तर म्हणाला, "एकदा खोलून बघायला हवं." मामी तडक गॅरेजात माझ्याकडे आली.

"यांना कशाततरी अडकव," म्हणाली. "नाहीतर दुसरा पाय मी मोडेन."

सीटचे नमुने काढायला मी एक जुना कंप्युटर घेतलेला होता. पोट सुटलेला मॉनिटर, पिवळा पडलेला कीबोर्ड. त्यात आधीच्या मालकाने एक खेळ ठेवला होता, तोच तुमच्या स्पर्धेतला. तुम्हाला तो तोंडपाठ आहे, पण इतरांसाठी सांगते. खेळ तीस वर्षांपूर्वीचा. सुरुवातीला एक भंगार गाडी मिळते. तिला नवे भाग बसवायचे, रंग द्यायचा, शर्यत मारायची. जिंकलात की आणखी भारी भाग मिळतात. सगळे जण पहिल्या पाच मिनिटांत शर्यतीला लागतात. मी ते धूड उचलून मामाच्या खाटेजवळ नेऊन मांडलं आणि माउस त्याच्या हातात दिला.

"ही गाडी तुझी," म्हटलं. "चालव."

"कुणाची होती आधी?"

"कुणाची नाही. खेळ आहे."

"असं कसं. मीटरवर तर त्र्याण्णव हजार दिसतात. कुणीतरी चालवलीच असेल." आणि त्याने काय केलं? गाडी सुरू केली नाही. 'तपासणी' नावाचं एक बटण आहे, कोपऱ्यात, नखाएवढं. मामाने पहिल्यांदा ते दाबलं. दोन तास गाडीचा एकेक भाग फिरवून, उलटा करून बघितला. मग म्हणाला, "इंजिन संपलंय. उतरवूया."

नवं इंजिन बसवल्यावर खेळातलं मीटर शून्यावर येतं. इथून पुढे जे घडलं ते तुमच्या डोक्यात कधी शिरणार नाही. पण आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मेकॅनिकला सांगा, तो म्हणेल, "मग दुसरं काय करणार?" नव्या इंजिनाला बसायला, म्हणजे आतले भाग एकमेकांना सरावायला, वेळ द्यावा लागतो. पहिले हजार किलोमीटर साठच्या वर जायचं नाही. पाचशेवर तेल बदलायचं, हजारावर पुन्हा. मामाने खेळातल्या गाडीला तोच नियम लावला. शर्यत बाजूला राहिली. सरावाच्या रस्त्यावर गाडी काढली आणि साठने निघाला. पन्नास-साठ, पन्नास-साठ. मागून इतर गाड्या हॉर्न देत सपासप पुढे जात. वळणाला मामा दिवा दाखवी. खेळात वळणाचा दिवा आहे हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

मामी भाजी निवडता निवडता बघायची. "अहो, सगळे पुढे गेले."

"जाऊ देत. त्यांची इंजिनं त्यांना लखलाभ."

"पण तुम्ही जाताय कुठे?"

"कुठे नाही. इंजिन बसतंय."

"तुम्ही पण बसलेलेच आहात. बरं आहे जोडी जमली."

पण हळूहळू तीही गुंतली. मामाच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसायला लागली, कारण शेजारच्या सीटवर कुणीतरी हवं, असं मामाचं म्हणणं. एका वहीत लिहून ठेवायची: किती किलोमीटर झाले, तेल कधी बदललं, टायर कधी फिरवले. गॅरेजातल्या प्रत्येक गाडीची अशी वही असते, मग हिचीच का नको?

मग रंगाची वेळ आली. आमच्या शेजारच्या गाळ्यात गाड्या रंगवणारा पेंटर आहे. त्याला सगळे डबलकोट म्हणतात, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचं उत्तर एकच, आणखी एक हात मारू. मामाने त्याला बोलावून घेतलं. डबलकोटने स्क्रीनवर नाक टेकवून पत्रा बघितला, निळा रंग निवडला आणि म्हणाला, "आता बंद करू नका. उद्या दुपारपर्यंत वाळू दे."

"अरे, खेळ आहे हा," मी म्हटलं.

"म्हणजे धूळ बसत नाही का?"

कंप्युटर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू राहिला. कुणी हात लावला नाही. मामीने त्या खोलीत झाडू मारला नाही. मला चार सीटचे नमुने काढायचे होते, ते हाताने काढले. दुपारी डबलकोट आला, स्क्रीनवरून बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "वाळला. आता दुसरा हात."

हसताय? हसा. आम्हीही हसत होतो. माझ्या मामाच्या घरात सहा आठवडे जेवढं हसू झालं तेवढं गेल्या सहा वर्षांत झालं नव्हतं. पण आता एक कबुली देते, कारण मी तुमच्यासारखी नाही, माझं चुकलं तर मी सांगते.

खेळात इंजिनाची झीज टक्क्यांत दिसते. पण ती 'तपासणी'च्या आत, तिसऱ्या पानावर, खाली. स्पर्धेच्या दिवसापर्यंत तुमच्यातल्या कुणी ते पान उघडलं नसेल. मामाच्या इंजिनाची झीज तेव्हा एक टक्का होती. एका दुपारी त्याचा डोळा लागला. मीटरवर सहाशे चाळीस. मला राहवलं नाही. मी माउस घेतला आणि गाडी एकशेसाठला नेली. चार मिनिटं, जास्त नाही. काय पळाली म्हणून सांगू. मग गुपचूप होती तिथे आणून लावली. मामा उठला, चष्मा लावला, तिसरं पान उघडलं. झीज दोन टक्के.

"कोणी चालवली?"

"कोणी नाही."

"मग?"

"मांजराने चालवली असेल."

आमच्याकडे मांजर नाही. मामाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मांजराला सांग, हजार व्हायला अजून बरेच किलोमीटर बाकी आहेत. तोवर दम धर म्हणावं."

हजार झाले. मामा शर्यतीत उतरला आणि सात शर्यती ओळीने हरला. कारण शिट्टी झाली की सगळे सुटतात, आणि हा तिथेच, रेषेवर, इंजिन नुसतं चालू ठेवून उभा. उष्णतेचा काटा वर येईपर्यंत हलायचं नाही. थंड इंजिन ताणणं म्हणजे झोपेतल्या माणसाला उठवून जिना चढायला लावणं, असं तो म्हणतो. आणि शर्यत संपली की दोन मिनिटं उभं राहून मगच इंजिन बंद. आठवी शर्यत मात्र लांब पल्ल्याची होती, तिच्यात गंमत झाली. सहाव्या फेरीनंतर पुढच्या गाड्या धापा टाकायला लागल्या. एकीतून धूर निघाला. आमची निळी आपली एका लयीत, जशी पहिल्या फेरीत तशी सहाव्या फेरीतही. मामाने एकेकाला ओलांडलं, प्रत्येक वेळी दिवा दाखवून. पहिला आला. मामी उभी राहिली, आणि वही मांडीवर होती ती खाली पडली.

म्हणजे ज्याने कुणी तीस वर्षांपूर्वी हा खेळ लिहिला त्याला गाड्या कळत होत्या. गरम करणं, तेल बदलणं, इंजिन बसू देणं, सगळ्याचा हिशेब त्याने आत ठेवला होता. तीस वर्षं तो तिथे पडून होता आणि कुणी उघडून बघितला नाही, कारण सगळ्यांना पळायची घाई. तो लिहिणारा कुठे असेल तिथे त्याला सांगायला हवं, की बाबा, एक जण भेटला.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात डबलकोटने तुमची जाहिरात आणली. जुन्या खेळाची स्पर्धा, आपापली गाडी फ्लॉपीवर आणा, दहा फेऱ्या. चौदा खेळाडू होते. मामा काठी टेकत आला आणि खुर्चीत बसला. तुमच्या शिट्टीनंतर तो रेषेवर थांबला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "काका, सुरू झालंय."

"माहीत आहे," मामा म्हणाला. "तुमचं झालंय. माझं होतंय."

उपांत्य शर्यतीत नवव्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे गेला तेव्हा तोच मागचा माणूस टाळ्या वाजवत होता. अंतिम शर्यत राहिली होती. आणि तेव्हा परीक्षकसाहेब, गळ्यात पट्टा आणि पट्ट्यात फोटो असलेले तुम्ही, तुम्ही मामाची फाइल उघडलीत. मीटर: सहा हजार चारशे बारा. बाकीच्यांचं सगळ्यांचं तीनशे-चारशेच्या आत. झीज: दोन टक्के. बाकीच्यांची चाळीसच्या वर. तुम्ही म्हणालात, "हे अशक्य आहे."

"काय अशक्य आहे?" मामाने विचारलं.

"आकडे बदललेत तुम्ही."

"आकडे नाही बदलले. तेल बदललं."

हॉल हसला. तुम्हीही हसलात, मी बघितलं. मामीने वही पुढे केली, "यात सगळं लिहिलंय." तुम्ही वहीला हात लावला नाहीत. जणू तिला तेल लागलंय. लागलेलं होतंच, पण म्हणून काय झालं? मग तुम्ही माइक घेतलात.

आता ऐका, तो 'फेरफार' शब्द मामाला का लागला.

आमच्या धंद्यात मीटर फिरवणं हे सगळ्यांत घाणेरडं काम. जुन्या गाड्या विकणारे येतात, लाखभर किलोमीटर पळालेली गाडी घेऊन, आणि म्हणतात, मामा, हिला चाळीस हजारांवर आणा ना. दुसरी गॅरेजं आणतात. मामाने चाळीस वर्षांत एक मीटर फिरवलं नाही. भिंतीवर पाटी आहे, 'इथे मीटर फिरवून मिळत नाही. विचारूही नये.' डबलकोटने रंगवली आहे, दोन हात देऊन. त्या पाटीखाली काम करणाऱ्या माणसाला तुम्ही माइकवरून मीटर फिरवणारा म्हणालात.

आणि म्हणताना थोडी अक्कल तरी वापरायची. मीटर फिरवणारा ते मागे फिरवतो. गाडी कमी चाललेली दिसावी म्हणून. पुढे कोण फिरवतो? सगळ्यांचं तीनशे असताना आपलं सहा हजार करून हॉलमध्ये कोण येतो? दरोडा घालायला जाताना बँडबाजा कोण नेतो? एवढा साधा प्रश्न तुमच्या समितीतल्या पाचांपैकी एकालाही पडला नाही. आमच्याकडे गाडी धुवायला येणारासुद्धा हे सांगेल.

सोमवारी मामा गॅरेजात आला. एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "इंजिन चांगलं आहे, अजून खूप चालेल." त्या गिऱ्हाइकाने तुमच्या हॉलमधली बातमी ऐकली होती. गमतीत म्हणाला, "नक्की ना मामा? आकडे तुमचे आहेत की गाडीचे?" मामा हसला. पण हातातला पाना खाली ठेवला आणि गाडीखाली गेला. संध्याकाळपर्यंत पाय काही बोलले नाहीत.

मंगळवारी मात्र दारात तुमची विजेती उभी. कानावर हेडफोन घालून खेळणारी ती. मामा बाद झाला म्हणून जी अंतिम शर्यतीत गेली आणि जिंकली. ती दातांच्या दवाखान्यासाठी साचे बनवते हे आम्हाला तेव्हा कळलं. पिशवीतून तिने कप काढला आणि पान्यांच्या फळीवर ठेवला.

"काका, हा तुमचा आहे."

गाडीखालून पाय म्हणाले, "कप तुझा. तू जिंकलीस."

"तुम्ही बसला नव्हतात म्हणून."

"मग पुढच्या वेळी मी बसल्यावर जिंक."

ती जमिनीवर मांडी घालून पायांसमोर बसली. "मग एवढं तरी सांगा, गाडी गरम किती वेळ करायची? साच्याचंही असंच असतं. घाई केली की तडकतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मामा बाहेर आला. दोन तास तिला समजावत होता. मामीने वही दिली, तिने ती उतरवून घेतली. गुरुवारी ती आणखी दोघांना घेऊन आली. आजवर तुमच्या चौदापैकी नऊ जण आमच्याकडे येऊन गेलेत. तो 'काका, सुरू झालंय' म्हणणारासुद्धा. तो आता घरी साठने गाडी चालवतो आणि त्याची बायको त्याला विचारते, जाताय कुठे. कप अजून फळीवरच आहे. ती नेत नाही, मामा घेत नाही. त्यात सध्या नट ठेवतो.

मीही स्वस्थ बसले नाही. त्याच कंप्युटरवर दोन नव्या गाड्या केल्या. दोन्हींना सारखंच इंजिन. एक तुमच्यासारखी चालवली, पहिल्या मिनिटापासून आपटत. दुसरी मामीच्या वहीप्रमाणे, साठने, वेळच्या वेळी तेल. तीनशे किलोमीटरला तुमच्या गाडीची झीज अडतीस टक्के. माझ्या गाडीची हजारालाही एक. दोन्ही फ्लॉपी या कागदाबरोबर जोडल्या आहेत. तिसरं पान उघडा, खाली बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आणि मामाच्या फाइलमध्ये जे दोन टक्के दिसले, त्यातला एक मामाचा. दुसरा मांजराचा. एवढाच काय तो फेरफार, आणि तो करणारी मी आहे. लिहायचं तर माझं नाव लिहा.

मामा म्हणतो, सोडून दे. मी सोडणार नाही. कप नको, शर्यत पुन्हा नको. जो शब्द माइकवरून बोललात तो त्याच माइकवरून, त्याच हॉलमध्ये, त्याच चौदा जणांसमोर मागे घ्या. तेवढं धाडस नसेल तर इथे या. मामा तुमच्यासमोर शून्यापासून गाडी करेल. तुम्ही डाव्या सीटवर बसायचं. हजार किलोमीटर, साठच्या वर नाही, सतरा तास लागतात. रंग वाळेपर्यंत उठायचं नाही, हे डबलकोटने आधीच बजावून ठेवलंय. मामी चहा देईल, बहुतेक रागाने. तुमच्यासाठी खुर्चीला मी नवं कव्हर शिवून ठेवलं आहे, निळं.

तर परीक्षकसाहेब, शब्द मागे घेताय की खुर्चीत येऊन बसताय? दोन्हीतलं काय, आणि कुठल्या रविवारी? या वेळी 'आभार' नकोत. उत्तर द्या.